'ध'चा 'मा' आणि कायदा

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट माहीत नसलेली मराठी बाई सापडणं अवघड. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, शनिवारवाड्यात घुसलेले गारदी, अठरा वर्षांचा पेशवा आणि 'काका, मला वाचवा' ही हाक. त्याच्या जोडीला आनंदीबाईंचा तो 'ध'चा 'मा'. रघुनाथरावांनी चिठ्ठीत लिहिलं होतं 'नारायणरावांस धरावे', आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून केलं 'मारावे'. बहुतेक अभ्यासक या अक्षरबदलाला दंतकथाच मानतात. पण अडीचशे वर्षं झाली तरी आपल्या बोलण्यात या खुनाची खलनायिका कोण, तर आनंदीबाई. वाड्यात शस्त्र घेऊन शिरलेल्या गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग होता, हे किती जणींना आठवतं?

क्षणभर ती दंतकथा खरी धरून चालू. आजच्या कायद्याच्या चष्म्यातून पाहिलं, तर खुनाचा कट केला कुणी? रघुनाथराव आणि गारदी यांचं ठरलं होतं ते पकडण्याचं, मारण्याचं नव्हे. आनंदीबाईंनी अक्षर बदललं, पण ते कुणाशी बोलून-ठरवून नाही, एकटीने. आणि कट एकट्याने होत नाही. एका हाताने टाळी वाजत नाही, तसंच ते. निदान दोघांनी मिळून एकच गोष्ट ठरवावी लागते. म्हणजे गारद्यांवर खुनाचा आरोप, आनंदीबाईंवर चिथावणीचा; पण 'खुनाचा कट' हा आरोप नेमका कुणावर, यावर वकील मंडळी आठ दिवस भांडली असती!

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे टीव्हीवरच्या बातम्या. 'कट रचला', 'सुपारी दिली', 'प्रियकराच्या मदतीने काटा काढला'... त्यात बाई असली की मग आठवडाभर दुसरं काही नाही. आपणही भाजी निवडता निवडता निकाल देऊन मोकळ्या होतो. पण महिला समुपदेशन केंद्रात काम करताना या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. एखादी बाई येते, आवाज खाली आणून सांगते, "ताई, माझं काहीतरी बरंवाईट करायचं घरात ठरलंय." आणि तिला आधी कुणीतरी सांगितलेलं असतं, "अजून काही झालंय का? झालं की या." झाल्यावर ती कशी येणार?

म्हणजे कायद्यासमोर या प्रश्नात दोन बायका उभ्या असतात. एकीला मारायचं ठरलंय, पण अजून तिच्या केसालाही धक्का लागलेला नाही. दुसरी काहीतरी बोलून गेली, लिहून गेली, आणि तेवढ्यावर तिच्या गळ्याभोवती फास आवळला जातोय. पहिलीला वाचवायचं तर कायद्याने लवकर हात घालायला हवा. दुसरीला वाचवायचं तर कायद्याने जरा दम धरायला हवा. ही रेघ कुठे मारायची, याचं उत्तर वेगवेगळ्या देशांनी फार वेगवेगळं दिलंय.

आधी दुसरीची गोष्ट सांगते. इंग्लंडमधली, शंभर वर्षांपूर्वीची.

तिचं नाव एडिथ थॉम्प्सन. लंडनजवळच्या इल्फर्डमध्ये राहणारी, बायकांच्या टोप्यांचा घाऊक धंदा करणाऱ्या कंपनीत नोकरीला, हुशार, स्वतः चांगलं कमावणारी. नवरा पर्सी जहाज कंपनीत कारकून. मूलबाळ नाही. संसार म्हटलं तर नीट, म्हटलं तर कोरडा. १९२१ मध्ये त्यांच्या घरी फ्रेडरिक बायवॉटर्स नावाचा तरुण काही दिवस राहायला होता. बोटीवर नोकरी करणारा, तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. दोघांचं सूत जुळलं. तो बोटीवर गेला की ही त्याला पत्रं लिही. पानंच्या पानं. वाचलेल्या कादंबऱ्यांबद्दल, ऑफिसमधल्या गमतींबद्दल, नवऱ्याबद्दलच्या वैतागाबद्दल. आणि त्या पत्रांमध्येच हेही, की दिव्याच्या बल्बची काच कुटून जेवणात घालून पाहिली, चहा कडू लागला म्हणून त्याला संशय आला, वगैरे. विषप्रयोगाच्या बातम्यांची कात्रणंही ती सोबत पाठवायची.

३ ऑक्टोबर १९२२ च्या रात्री नवरा-बायको लंडनला नाटक पाहून परत येत होते. स्टेशनवरून घरी चालत जाताना, मध्यरात्र उलटल्यावर, बायवॉटर्स अंधारातून पुढे आला आणि त्याने पर्सीला सुऱ्याने भोसकलं. 'नको, नको' असा बाईचा आक्रोश ऐकू आल्याचं जवळच राहणाऱ्या एका माणसाने पुढे कोर्टात सांगितलं. बायवॉटर्स पकडला गेला. त्याच्या सामानात साठाहून जास्त पत्रं मिळाली. तिने त्याची पत्रं नष्ट केली होती, त्याने मात्र तिची जपून ठेवली होती. (प्रेमात कोण जास्त शहाणं असतं ते बघा!)

पर्सीचं प्रेत उकरून तपासलं गेलं. बर्नार्ड स्पिल्सबरी हे त्या काळातलं या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांना ना विषाची खूण सापडली, ना काचेची. बायवॉटर्स शेवटपर्यंत सांगत राहिला की त्या रात्रीचं तिला काही माहीत नव्हतं, आणि पत्रांतलं ते विष-काच प्रकरण आपण कधी खरं मानलंच नाही. तिच्या वकिलांनी तिला परोपरीने सांगितलं की साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहू नकोस. तिने ऐकलं नाही. मग सरकारी वकिलाने एकेक पत्र तिच्यासमोर धरलं आणि तिला एकाही वाक्याचा धड अर्थ लावता येईना. न्यायमूर्ती शिअरमन यांनी तिच्या वागण्याबद्दलची आपली नापसंती ज्यूरीपासून लपवली नाही. डिसेंबर १९२२ मध्ये दोघांनाही खुनासाठी दोषी ठरवलं गेलं. दयेच्या अर्जावर लाखो सह्या झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा त्याच्यासाठी. उपयोग झाला नाही. ९ जानेवारी १९२३ ला सकाळी नऊ वाजता लंडनच्या दोन वेगवेगळ्या तुरुंगांत, एकाच वेळी, दोघांना फाशी दिलं. ती होलोवेमध्ये, तो पेंटनव्हिलमध्ये. एकोणतीस वर्षांची बाई आणि वीस वर्षांचा मुलगा.

आता यातली कायद्याची मेख बघा. तिच्यावर खुनाशिवाय दुसरंही एक आरोपपत्र तयार होतं, त्यात खुनाचा कट आणि चिथावणी हे आरोप होते. इंग्लंडच्या १८६१ च्या कायद्यात खुनाच्या कटाला जास्तीत जास्त शिक्षा होती दहा वर्षं सक्तमजुरी. ते आरोपपत्र चालवलंच गेलं नाही. थेट खुनाचा आरोप चालवला. तिने सुरा हातात धरला नव्हता, पण पत्रांनी तिने त्याच्या हातात तो दिला, असा युक्तिवाद होता. दहा वर्षांची कैद आणि फाशीचा दोर यांच्यामध्ये तिची ती प्रेमपत्रं उभी होती. तिला फाशी खुनासाठी नव्हे तर व्यभिचारासाठी झाली, असं इंग्लंडमध्ये तेव्हापासून आजपर्यंत बोललं जातं. २०१८ मध्ये तिचे अवशेष बाहेर काढून आईवडिलांच्या शेजारी पुन्हा पुरले गेले. पंच्याण्णव वर्षांनी माहेरी आली म्हणायचं.

मला स्वतःला वाटतं, एडिथ अगदी धुतल्या तांदळासारखी होती असं नाही. नवरा मेला तर बरं, असं तिला वाटत असणार. पण वाटणं, लिहिणं आणि ठरवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या रात्री त्या रस्त्यावर हे करायचं, असं दोघांचं ठरलं होतं का? याचा पुरावा पत्रांत नव्हता. आणि पुरावा नसताना चारित्र्याने ती पोकळी भरून काढली.

इंग्लंडने १९७७ मध्ये कटाचा कायदा नव्याने केला. आता तिथे खून करायचं दोघांनी ठरवलं, एवढंच पुरे. खून झाला नाही तरी जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे पहिल्या बाईसाठी दार लवकर उघडलं. पण या कायद्यातही एक गंमत राहिली. नवरा आणि बायको, फक्त दोघांनीच मिळून ठरवलं असेल, तिसरं कुणी नसेल, तर तो कट नव्हे! का? तर जुन्या इंग्लिश समजुतीप्रमाणे लग्न झालं की नवरा-बायको ही कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती. आणि ती एक व्यक्ती म्हणजे अर्थातच नवरा. बायकोला वेगळं डोकंच नाही, तर ती कट कसला करणार? तिथल्या विधी आयोगाने २००९ मध्ये ही सवलत काढून टाका अशी शिफारस केली. सवलतीच्या वेषात आलेला अपमान कसा असतो, त्याचं हे उत्तम उदाहरण आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न १९६० मध्ये आला. एका जोडप्यावर चोरटा माल देशात आणण्याच्या कटाचा आरोप होता आणि 'आम्ही नवरा-बायको, म्हणजे एकच' असा त्यांचा बचाव. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी तो साफ फेटाळला. बायको नवऱ्याच्या धाकाखालचीच असते, तिला स्वतःची इच्छा नसते, असं विसाव्या शतकात कुणी कसं मानावं, असा त्यांच्या निकालाचा सूर होता. आपल्याकडच्या कायद्यात अशी सूट मुळातच नाही. 'दोन किंवा अधिक व्यक्ती' म्हटलंय, त्यात नवरा एक आणि बायको एक. निदान या बाबतीत आपली बेरीज पहिल्यापासून बरोबर आहे.

युरोपातल्या इतर देशांत मात्र चित्र निराळं. तिथल्या जुन्या विचाराप्रमाणे माणसाच्या मनात काय आहे, तो कुणाशी काय बोलला, याला शिक्षा नाही. हात उचलल्यावर बघू. या विचाराला पहिला धक्का बसला तो एका विचित्र पत्राने. १८७३ मध्ये ड्युशेन नावाच्या बेल्जियमच्या एका कारागिराने पॅरिसच्या आर्चबिशपला पत्र लिहून कळवलं, की साठ हजार फ्रँक दिलेत तर मी बिस्मार्कला ठार करतो. बिस्मार्क म्हणजे जर्मनीचा सर्वेसर्वा. आर्चबिशपने अर्थातच काही पैसे दिले नाहीत. पण जर्मनी खवळली आणि बेल्जियमला म्हणाली, याला शिक्षा करा. बेल्जियमची पंचाईत झाली, कारण नुसती तयारी दाखवणं हा त्यांच्याकडे गुन्हाच नव्हता. १८७५ मध्ये त्यांनी कायदा केला, १८७६ मध्ये जर्मनीनेही केला. आज जर्मनीत दोघांनी खुनाचं ठरवलं आणि केलं काहीच नाही, तरी तो गुन्हा आहे, मात्र शिक्षा प्रत्यक्ष खुनापेक्षा कमी. आणि मला आवडलेली गोष्ट पुढे आहे. कटातला एखादा स्वतःहून मागे फिरला आणि त्याने तो बेत थांबवला, तर त्याला या गुन्ह्याची शिक्षाच नाही. परत फिरायची वाट उघडी ठेवलीय. भीतीपोटी किंवा रागाच्या भरात 'हो' म्हणून बसलेल्या माणसाला ही वाट फार मोलाची असते.

इटलीत अजूनही जुनंच. १९३० च्या दंडसंहितेत सरळ लिहिलंय की दोघांनी गुन्हा करायचं ठरवलं आणि केला नाही, तर नुसत्या ठरवण्याला शिक्षा नाही. न्यायाधीशाला वाटलं तर तो अशा माणसावर देखरेख ठेवायला सांगू शकतो, एवढंच. माफियांच्या देशात हे कसं चालतं, असं मनात येतंच. तर टोळ्यांसाठी तिथे वेगळा कायदा आहे, माफियासाठी खास कलम १९८२ मध्ये आलं. पण घरातल्या घरात, दोघांनी तिसऱ्याचा बेत केला, तर? जपान आणखी वेगळा. तिथे खुनाची तयारी करणं हा गुन्हा, आणि शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं.

फ्रान्सला हा प्रश्न अंगावर आला तो १९६२ मध्ये. एका डॉक्टरने आपल्या दत्तक मुलाला मारण्यासाठी एका माणसाला पैसे दिले. त्या माणसाने मारलं नाही. कोर्टाने डॉक्टरला सोडून दिलं, कारण खून नाही, खुनाचा प्रयत्नही नाही, मग शिक्षा कशाची? पैसे देऊन माणूस मारायला सांगितला आणि सुखरूप घरी! ही पळवाट बुजवायला फ्रान्सला २००४ साल उजाडावं लागलं. आता तिथे कुणाला खुनासाठी पैशाची, बक्षिसाची नुसती लालूच दाखवली, खून झाला नाही, तरी दहा वर्षं कैद आणि दीड लाख युरो दंड होऊ शकतो.

आपल्याकडे याला शब्द आहे सुपारी. किती वाईट वाटतं बघा. आपल्याकडे लग्न ठरलं की सुपारी फुटते, बँडवाल्याला, तमाशाच्या फडाला ठरवलं की सुपारी देतात, पूजेत गणपती म्हणून सुपारीच मांडतो. आणि त्याच सुपारीचा हा अर्थ पेपरात रोज वाचायचा.

सुपारीच्या बाबतीत अमेरिकेची तऱ्हा मोठी नाटकी. तिथे केंद्राच्या कायद्याप्रमाणे नुसतं ठरवून भागत नाही. ठरवल्यानंतर कुणीतरी एक पाऊल टाकायला हवं. पिस्तूल विकत घेणं, घराची टेहळणी करणं, आगाऊ पैसे देणं, असं काहीही. पण पोलिसांना बातमी लागली, की त्यांचाच माणूस मारेकरी बनून जातो आणि सगळं बोलणं टिपून घेतो. फ्लोरिडातल्या बॉयन्टन बीच या गावात २००९ मध्ये एका बाईने नवऱ्याला मारण्यासाठी असाच माणूस ठरवला, तो निघाला पोलीस. पोलिसांनी तिच्या घरासमोर खोटाच खुनाचा देखावा उभा केला, 'तुमचे यजमान गेले' असं तिला सांगितलं, तिचं रडणंही चित्रित केलं. नवरा जिवंत, पोलीस ठाण्यात! तीन वेळा खटला चालला आणि २०१७ मध्ये तिला सोळा वर्षांची शिक्षा झाली. आरोप मात्र कटाचा नव्हता, खुनाला प्रवृत्त केल्याचा होता. एक जण मनापासून ठरवणारा आणि दुसरा पोलीस, मग टाळी कशी वाजणार? म्हणून अशा वेळी दुसरं कलम. तो नवरा वाचला, हे खरंच. पण पोलिसांनी स्वतःच रंगमंच उभारायचा आणि वर कॅमेरे लावायचे, हे माझ्या तरी गळी उतरत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. इंग्रजांनी १८६० मध्ये दंडविधान केलं तेव्हा त्यात खुनाचा कट असा स्वतंत्र गुन्हा नव्हता. कटातून पुढे काही कृती झाली तरच तो चिथावणीचा एक प्रकार म्हणून धरला जाई. डिसेंबर १९१२ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बाँब पडला आणि १९१३ मध्ये १२० अ आणि १२० ब ही कलमं आली. म्हणजे आली ती राज्यकर्त्यांच्या जिवासाठी. पण घरातल्या सुनेलाही ती लागू होतात, हे आपल्या कामाचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात हे कलम ६१ झालं. खुनासारख्या गुन्ह्याचं दोघांनी ठरवलं की आपल्याकडे गुन्हा पुरा झाला. अमेरिकेसारखं पुढचं पाऊल लागत नाही. खून झाला तर कटातल्याला खुनाचीच शिक्षा, म्हणजे जन्मठेप किंवा फाशी. खून झाला नाही तर सात वर्षांपर्यंत कैद, आणि त्यात कुणाला इजा झाली असेल तर चौदा वर्षांपर्यंत.

प्रत्यक्ष हजर नसलेल्या माणसालाही कट कसा बांधून ठेवतो, हे महाराष्ट्राला गांधीजींच्या खुनाच्या खटल्याने दाखवलं. गोळ्या नथुराम गोडसेने झाडल्या, पण १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात त्याच्याबरोबर नारायण आपटेलाही फाशी झाली. मदनलाल पाहवा तर २० जानेवारी १९४८ च्या स्फोटानंतर लगेच पकडला गेला होता. ३० जानेवारीला गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा तो पोलिसांच्या ताब्यात होता. तरी त्याला जन्मठेप झाली. आणि त्याच खटल्यात सावरकरांना विशेष न्यायालयाने निर्दोष सोडलं, कारण माफीचा साक्षीदार झालेल्या दिगंबर बडगेच्या सांगण्याला त्यांच्याबाबत दुसरा स्वतंत्र दुजोरा नव्हता. कटातलाच एक जण फुटून दुसऱ्यांची नावं सांगतो तेव्हा त्याच्या एकट्याच्या शब्दावर जायचं नाही, हा न्यायालयाचा जुना शिरस्ता आहे.

कट हा गुपचूपच होतो, त्याची नोंदवही कुणी ठेवत नाही. त्यामुळे कोर्टाला इकडचे-तिकडचे धागे जोडावे लागतात. इंदिरा गांधींच्या खुनाच्या खटल्यात केहर सिंगविरुद्धचा एक महत्त्वाचा धागा होता मारेकरी बिअंत सिंगच्या बायकोची साक्ष. दोघे गच्चीवर बसून बराच वेळ काहीतरी बोलत होते, एवढंच ती सांगू शकली. काय बोलत होते, हे तिने ऐकलं नव्हतं. केहर सिंगची फाशी सर्वोच्च न्यायालयात कायम झाली, आणि त्यावर कायदेपंडितांत पुढे पुष्कळ वाद झाले. त्याच निकालात बलबीर सिंग मात्र पुराव्याअभावी सुटला.

आणि राजीव गांधींचा खटला. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला तो स्फोट झाला. जानेवारी १९९८ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपीच्या पिंजऱ्यातल्या सगळ्याच्या सगळ्या, सव्वीस जणांना फाशी सुनावली. सव्वीस! मे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या एकोणीस जणांची सुटका केली. कुणी घर भाड्याने दिलं असेल, कुणी निरोप पोचवला असेल, कुणाला संघटनेबद्दल आस्था असेल. पण या माणसाला मारायचं, हे ठरवण्यात तो सामील होता का, हे प्रत्येकाबाबत वेगळं सिद्ध व्हायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं. चौघांची फाशी तेव्हा कायम राहिली, त्यात नलिनी ही एकटी बाई. तिच्या फाशीबाबत मात्र तीन न्यायमूर्तींत एकमत नव्हतं. न्यायमूर्ती थॉमस यांचं म्हणणं होतं की तिला जन्मठेप द्यावी. ती कटात ओढली गेली आणि तिच्या लहानग्या मुलीला आई उरायला हवी. २००० मध्ये तिची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती सुटली. तीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढून.

सव्वीसमधले एकोणीस सुटले, हा आकडा मला आपल्या गावातल्या तक्रारी लिहिताना नेहमी आठवतो. सून जळून गेली, की तिच्या माहेरची माणसं दुःखाने वेडीपिशी झालेली असतात. मग फिर्यादीत सासू, सासरा, दीर, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली नणंद, तिचा नवरा, सगळी नावं येतात. सगळ्यांनी मिळून कट केला, असं लिहिलं जातं. त्यांचा संताप समजतो. पण कोर्टात जेव्हा शंभर कोसांवरच्या नणंदेविरुद्ध काहीच निघत नाही, तेव्हा ज्यांनी खरोखर ठरवून काडी ओढली, त्यांच्या विरुद्धची केसही पातळ होते. सर्वोच्च न्यायालयाने नातेवाइकांची सरसकट नावं घालण्याबद्दल वारंवार बजावलं आहे. नाव त्याचंच घ्यावं, ज्याच्याबद्दल कोण, कधी, काय बोललं हे सांगता येईल.

आणि मैत्रिणींनो, ज्या बाईला जिवाची धास्ती वाटतेय तिला "झालं की या" असं कुणी सांगितलं, तर ते कायद्याला धरून नाही. खुनाचं ठरवणं हाच गुन्हा आहे. नुसती जिवे मारण्याची धमकी हाही गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दखलपात्र गुन्हा घडणार असेल तर तो रोखणं हे पोलिसांचं कामच आहे आणि त्यासाठी त्यांना आधीच अटक करण्याचा अधिकारही आहे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली न्यायाधीशाकडून संरक्षणाचा आदेश मिळतो. ११२ आणि १८१ हे नंबर तोंडपाठ असू द्यावेत. ते कुणाच्याही फोनवरून लागतात.

पुराव्याचं मात्र आपणच बघायला हवं. 'मला तसं वाटतं' यावर कुणी कटाची केस उभी करत नाही, आणि करूही नये, एडिथचं काय झालं ते पाहिलंच. कानावर काही आलं तर तारीख, वेळ, कोण कोण होतं, नेमके शब्द काय होते, हे त्याच दिवशी लिहून काढावं. फोनवर मेसेज आला, बोलणं रेकॉर्ड झालं, तर ते पुसू नये आणि तो फोनही विकू नये; कोर्टाला मूळ वस्तू लागते, नुसती छापील प्रत पुरत नाही. अचानक आपल्या नावे मोठा विमा उतरवला गेला, कोऱ्या कागदावर सही मागितली, तर त्याची नोंद करावी. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर तीच तक्रार लेखी, टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, कायद्यात तशी सोय आहे. स्पीड पोस्टाने पाठवायची आणि पोचपावती मागायची. पत्ता माहेरचा किंवा एखाद्या भरवशाच्या मैत्रिणीचा द्यायचा, म्हणजे ती पावती परत येईल तेव्हा सासरच्या दारात पोस्टमन उभा राहणार नाही.